कानात सांगायचं नाव

‘सोनू’ हे नाव नाही, असं शरच्चंद्रांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं, आणि दुसरा चहा गार होईपर्यंत ते त्याच मुद्द्यावर होते.

“नावाला अर्थ लागतो. मागे कुणीतरी असावं लागतं, कुणी राजा, कुणी ऋषी, गेला बाजार एखादी नदी. ही नुसती हाक आहे. दारात कोणीही आलं तरी मारता येते.”

“कोणालाही कशाला मारतील, अण्णा?” माधव वर्तमानपत्राआडून म्हणाला.

“खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला मारतात. काल मी जिन्यात ऐकलं.”

यात खोटं काही नव्हतं. नारायण पेठेतल्या त्या तीन मजली इमारतीत त्या वर्षी तीन सोनू नांदत होते. एक दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांची मुलगी, एक खालच्या संपत वाण्याचा मुलगा, आणि तिसरा पांढरा, केसाळ, दूधवाल्यावर भुंकणारा. संध्याकाळी एखाद्या आईने गॅलरीतून ‘सोनू, वर ये’ म्हटलं की तिघेही मान वर करत. ज्याची आई असेल तो जिना चढे, बाकीचे दोघं खेळायला मोकळे. मुलगा, मुलगी, प्राणी असा भेद त्या नावाने कधी केला नाही, आणि अण्णांचा मुख्य राग त्यावरच होता.

“हाक मारली तर मुलगा येईल की मुलगी, हेही कळायचं नाही. उद्या याच्या लग्नपत्रिकेवर ‘चि.’ छापायचं की ‘चि. सौ. कां.’, ते छापखान्यात ठरवतील का?”

“लग्नाला अवकाश आहे. आज बारसंच होऊ दे,” माधव म्हणाला. खडकीच्या कारखान्यात कामगार आणि साहेब यांच्या मधल्या टेबलावर बसून त्याला एक कला साधली होती. तो दोन्ही बाजूंना हो म्हणू शकत असे. “असं करू. पाळण्यात तुमचं प्रद्युम्न, आणि घरात सोनू.”

आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. उल्काचं उत्तर पोचलं होतं.

नावांच्या बाबतीत ती काय चीज आहे हे घराला ठाऊक होतं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं नवं नाव लिहायला घेतलं, तेव्हा तिने भर मांडवात बोटांनी तांदूळ सारखे केले होते. ‘उल्का म्हणजे आकाशातून पडलेला दगड,’ असं अण्णांनी तेव्हा समजावून पाहिलं. ‘पण दिसतो सगळ्यांना,’ ती म्हणाली होती. त्या दिवसापासून सासरे आणि सून एकमेकांना जपून होते.

*

स्वयंपाकघरात विजयमालाबाई घुगऱ्यांचे हरभरे उपसत होत्या. उल्का ओलं खोबरं खोवायला बसली, कारण हाताला काही नसलं की ती भांडायची, हे तिला स्वतःला माहीत होतं.

“आई, तुम्ही तरी सांगा अण्णांना. घरात सोनू आणि पाळण्यात दुसरं काही, हे मला नको. आत्यांनी कानात सोनूच सांगायला हवं.”

“एवढं काय अडलंय गं त्या नावावाचून?”

काय अडलंय, हे सांगायला उल्काला दोन महिने मागे जावं लागलं असतं. सातव्या महिन्यात आलेलं मूल. काचेची पेटी, नळ्या, आणि पेटीवर चिकटवलेल्या कागदावर तिचंच नाव, बाळाचं नाही. घरातले सगळे भेटायला यायचे, काचेतून बघायचे आणि ‘डॉक्टर काय म्हणतात’ विचारून जायचे. नाव काय ठेवायचं हे कुणी विचारलं नाही. नाव ठेवलं आणि मूल राहिलं नाही तर, ही भीती सगळ्यांच्या डोळ्यांत तिला दिसायची आणि ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मग एका सकाळी रशीदा ड्यूटीवर आली. रशीदा याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी, त्या वॉर्डात नर्स. ती पेटीवर टकटक करून म्हणाली, “काय सोनू, उठायचं नाही का आज?” आणि त्या मुठीएवढ्या जिवाने पाय हलवला. पाय त्याने तसाही हलवला असता. पण उल्काने त्या दिवसापासून काचेला तोंड लावून तीच हाक मारली, दूध काढताना मारली, मूल निळं पडलं त्या दुपारी तर ओरडून मारली.

एवढं सगळं खोबरं खोवताना सांगता येत नाही. ती म्हणाली, “तो त्या नावावर जगलाय, आई. ज्या नावावर जगला, तेच त्याच्या कानात सांगायचं. यात चुकलं कुठे?”

विजयमालाबाईंचा झारा हरभऱ्यात थांबला.

“त्याच नावावर एक जगलं नाही,” त्या म्हणाल्या, “म्हणून.”

बोलून गेल्यावर त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं, पण शब्द बाहेर पडले होते. उल्का खोवणीवरून उठली. मग हळूहळू, दाराकडे बघत, सासूने ते सांगितलं, जे या घरात वीस वर्षं कुणी बोललं नव्हतं.

श्यामलाला, माधवच्या थोरल्या बहिणीला, मूल झालेलं होतं. मुलगी. पहिलं बाळंतपण म्हणून ती इथे माहेरी आली होती. बाळ चांगलं गुटगुटीत होतं. पण बारसं ठरेना. लोणी काळभोरच्या विहीणबाई, तुळजाबाई, म्हणाल्या, आमच्या घराण्यात पहिल्या मुलीला आजेसासूचं नाव देतात, भागीरथीच ठेवायचं. अण्णा म्हणाले, आजच्या काळात भागीरथी? मृणालिनी ठेवू. निरोप गेले, निरोप आले. बाराव्या दिवसाचं बारसं पुढच्या आठवड्यावर गेलं, तिथून पौर्णिमेवर. आणलेला पाळणा रिकामा टांगलेला होता. श्यामला आपली मुलीला मांडीवर घेऊन सोनू सोनू करत बसायची. पौर्णिमेच्या आधीच मुलीला जुलाब लागले आणि ती गेली. पुढे श्यामलाला मूल झालं नाही.

“ताईंनी मला कधी सांगितलं नाही,” उल्का म्हणाली.

“कोणी सांगायचं? आम्ही विषय काढत नाही. तिला त्रास नको म्हणून. आणि मला भीती वाटते गं. गेलेल्याचं नाव आलेल्याला देऊ नये म्हणतात.”

उल्का बाहेरच्या खोलीत गेली. तिने नवऱ्याला गॅलरीत बोलावलं.

“तुला माहीत होतं.”

माधव तेव्हा कॉलेजात होता. त्याला सगळं माहीत होतं. “मला वाटलं, सोनू काय, घरोघरी असतो. ताईच्या लक्षात यायचं नाही.”

“ज्या बाईचं मूल गेलंय, तिच्या लक्षात यायचं नाही?”

यावर दोन्ही बाजूंना हो म्हणण्याची सोय नव्हती.

*

श्यामला आणि दीनानाथ धायरीहून रिक्षाने आले तेव्हा चार वाजले असतील. धायरीला तेव्हा ज्वारीची शेतं होती आणि श्यामला शिकवायची ती शाळा होती. सासू गेल्यावर दोघं तिथेच राहत होती. ती बाळंतविड्याची पिशवी सांभाळत जिना चढू लागली, आणि संपत वाण्याच्या बायकोने दुकानातून हाक मारली, “सोनू, ए सोनू, दप्तर उचल.”

श्यामलाने मान वळवली नाही. हे ती सावकाश शिकली होती. तिची मुलगी गेली त्या काळात ते नाव क्वचित कानावर यायचं. मग कसं कोण जाणे, गल्लोगल्ली सोनू झाले. बसमध्ये, बागेत, लग्नाच्या पंगतीत. शाळेत पहिलीच्या वर्गात एका वर्षी चार होते, दोन मुलगे, दोन मुली. आधी हाक ऐकली की ती वळून बघायची. नंतर ती स्वतःलाच म्हणायला लागली, बघ, किती साधं, सगळ्यांचंच असतं ते. तुझ्या मुलीचं म्हणून असं काही नव्हतंच. हा विचार तिला सर्वांत जास्त लागायचा. आपण तिला नाव न देताच पाठवलं, ही टोचणी तिने दीनानाथलाही कधी बोलून दाखवली नव्हती.

आतल्या खोलीत बाळ रशीदाच्या मांडीवर होतं. रशीदा त्याला काजळाची तीट लावत होती. श्यामलाने झबलं, टोपडं, दुपटं पलंगावर काढून ठेवलं. उल्का दारातच उभी राहिली. तिने पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हटलं.

“ताई, नाव प्रद्युम्न ठेवायचं ठरलंय. अण्णांचं बरोबर आहे. तुम्ही कानात प्रद्युम्न सांगा.”

“तू अण्णांचं बरोबर आहे म्हणालीस?” श्यामला हसली. “ताप आहे का तुला?”

उल्काला हसू आलं नाही. तिचे डोळे भरून आले. श्यामलाने तिच्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दिशेने बघितलं. आपल्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

“आईने सांगितलं वाटतं.”

“मला माहीत नव्हतं, ताई. खरंच नव्हतं. मी दोन महिने तुमच्यासमोर त्याला…”

“फोनवर ऐकू यायचं मला. बस आता, उभी नको राहूस.”

रशीदाला काही कळलं नव्हतं, पण एवढं कळलं की गोष्ट नावाची आहे. ती म्हणाली, “चूक माझी आहे, ताई. सोनू मीच म्हणायला लागले. आमच्या वॉर्डात सगळेच सोनू. नाव तर कुणाचंच ठेवलेलं नसतं, घरचे घाबरलेले असतात. पण कुणीतरी हाक मारल्याशिवाय पोराने राहायचं कुणासाठी?”

“मुलींनाही सोनूच म्हणता?”

“मुलगा, मुलगी, आपलं-परकं, सगळ्यांना. माझी अम्मी मलाही म्हणायची. वॉर्डात आहे तोपर्यंत हेच नाव. घरी गेले की मग काय ते इम्तियाज होवोत नाही तर प्रद्युम्न होवोत. तेवढं ते प्रद्युम्न लिहिता लिहिता पोराची मधली सुट्टी संपेल, ते बघा.”

“आणि जे घरी जात नाहीत?” श्यामलाने विचारलं.

रशीदाने काजळाची डबी बंद केली. “त्यांचं तेच राहतं ना. पुसणार कोण? मला सगळे आठवतात.”

श्यामलाने हात पुढे केले. रशीदाने बाळ तिच्या हातांत दिलं. ते अजून हलकंच होतं, टोपड्यात तोंड बुडालेलं. या मुलाला आपण दोन महिन्यांत एकदाही हाक मारली नाही, हे श्यामलाच्या ध्यानात आलं. बाळ, छोकरा, माधवचा मुलगा, असंच ती बोलत आली होती.

“ताई, प्रद्युम्न,” उल्का पुन्हा म्हणाली.

“ऐकलं मी. कानात काय सांगायचं ते आत्याचं काम. तू साडी बदल.”

*

बाहेरच्या खोलीत अण्णांना विजयाची बातमी विजयमालाबाईंनी सांगितली. सुनेने ऐकलं, त्या म्हणाल्या. प्रद्युम्नच.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छ होत्या. समोरच्या खुर्चीत जावई दीनानाथ पोहे खात होता. वीस वर्षांत या जावयाने त्यांना उलटून एक शब्द विचारला नव्हता. दिवाळीला येई, पाया पडे, भावांच्या पिकाबद्दल बोले. त्याने एकदा तरी भांडायला हवं होतं, असं अण्णांना पुष्कळदा वाटलं होतं. मृणालिनीचा अर्थ त्यांनी तेव्हा पाच माणसांत किती रंगवून सांगितला होता. तुळजाबाईंना निरुत्तर केल्याचा केवढा आनंद झाला होता. पोर मांडीवर रडत होती आणि ते अर्थ सांगत होते. त्या पोरीला त्यांनी एकदाही कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती, कारण नाव अजून ठरायचं होतं.

सोनू नको, हे आज ते कुणासाठी म्हणत होते? श्यामलाला लागेल म्हणून, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तेही खरं होतं. पण ती हाक या घरात रोज उठणार आणि आपल्याला रोज ऐकावी लागणार, हे जास्त खरं होतं.

“प्रद्युम्न चांगलं नाव आहे,” दीनानाथ म्हणाला.

“हो,” अण्णा म्हणाले, आणि पुढे अर्थ सांगितला नाही.

*

दिवे लागले तेव्हा खोलीत पेठेतल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली पाट. आधी दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरला, मग बाळ फिरलं. एका बाजूने द्यायचं, दुसऱ्या बाजूने घ्यायचं, असं करत ते पाळण्यात निजलं. पुरुष दाराच्या चौकटीशी उभे राहिले.

“चला, आत्या कुठे आहे?” बँकवाल्यांच्या बाई म्हणाल्या.

श्यामला पुढे आली. या इमारतीतल्या बायकांनी तिला चुलतभावाच्या मुलांच्या बारशातही आत्या म्हणून बघितलं होतं. कानात कुर्र करताना आत्याच्या पाठीत धपाधप गुद्दे मारायचे, ही बायकांची हक्काची मजा. पण श्यामला वाकली की त्यांचे हात जड व्हायचे. बोटं टेकवल्यासारखी करून त्या मागे घ्यायच्या. जिच्या पोटचं गेलंय तिला काय मारायचं, असं त्या आपसांत म्हणत आणि ते श्यामलाला कळत असे.

ती पाळण्यावर वाकली. उल्का डोक्यावर पदर घेऊन पाळण्याची दोरी धरून होती. तिने डोळे मिटले. विजयमालाबाईंनी कुलदैवताचं स्मरण केलं. पाठीवर चार-सहा हात टेकले, फुलं वाहावीत तसे, आणि उचलले गेले.

“कुर्र,” श्यामला बाळाच्या कानात म्हणाली. पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. बाळाने पाय ताणला.

“काय ठेवलं?” बायकांनी विचारलं.

श्यामला उभी राहिली. “सोनू.”

उल्काने डोळे उघडले. “ताई, मी म्हटलं होतं ना तुम्हाला…”

“तू म्हणाली होतीस. पण मला हेच सांगायचं होतं. मी एका मुलीला याच नावाने हाक मारत होते आणि ती बघायची माझ्याकडे. चांगली वळून बघायची. याने बघितलं नाही तर बदलू.” ती आईकडे वळली. “भिऊ नकोस, आई. नावामुळे काही होत नाही. झालं असतं तर एवढे सोनू जिन्यात खेळले असते का?”

श्यामला पुन्हा पाळण्यावर वाकली आणि तशीच राहिली.

“मारा ना गं,” ती म्हणाली. “आत्या आहे मी त्याची. नीट मारा.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हात उचलले, पण एकीचाही खाली येईना. मग विजयमालाबाई गर्दीतून पुढे आल्या. भीती त्यांची गेली नव्हती. पण लेक वाकून उभी होती, आणि वीस वर्षं तिला सगळ्यांनी नुसतं जपून दूर ठेवलं होतं. त्यांनी मूठ वळली आणि तिच्या पाठीत एक दणकून गुद्दा घातला. मग रशीदाने घातला, मग उल्काने, मग बायकांना धीर आला आणि पाठ बडवून निघाली.

श्यामला पाळण्याच्या दांडीला धरून रडत होती. मोठ्याने रडत होती, जशी ती त्या वर्षी रडली नव्हती.

“लागलं का गं?” विजयमालाबाई तिला जवळ घेत म्हणाल्या. त्यांचाही पदर भिजला होता.

“लागलं,” ती म्हणाली. “बरं झालं.”

संपतच्या बायकोने शहाणपणा करून घुगऱ्यांचं पातेलं बाहेर आणलं. बायका द्रोण वाटू लागल्या, बोलू लागल्या. आमच्या इमारतीत आता चार झाले, असं कुणी म्हणालं. दीनानाथ आत येऊन श्यामलाच्या शेजारी जमिनीवर बसला. बायकांच्या बारशात जावई असा मध्येच बसत नाही, पण त्याला कोणी उठवलं नाही.

अण्णा दारातून हळूहळू पाळण्यापाशी आले. भाषण होणार म्हणून माधवने तोंड उघडलं, उल्काने त्याचा हात दाबला. अण्णांनी वाकून बाळाकडे बघितलं. घसा साफ केला.

“सोनू,” ते म्हणाले.

बाळ छताकडे बघत होतं. त्याने वळून वगैरे काही पाहिलं नाही.

अण्णांनी लेकीकडे मान वळवली. “श्यामे, तिचंही हेच होतं ना?”

“हो, अण्णा,” श्यामला म्हणाली. “तिचंही हेच.”

म्हाताऱ्याने पाळण्याची दोरी सुनेच्या हातातून घेतली आणि एक झोका दिला.

“नाव चांगलं आहे,” ते म्हणाले.